पाल्याचं लेणं कोणाचं?

मावळात पाले गावाच्या डोंगरात एक साधं लेणं आहे. कार्ले-भाजे बघायला जाणारे तिकडे क्वचितच वळतात. तिथला ब्राह्मी लेख डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात ‘नमो अरहंतानं’ अशी आहे. पुढे मजकूर एवढाच, की भदंत इंदरखिताने हे लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, करवली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख महाराष्ट्रातल्या जैन धर्माचा सर्वांत जुना पुरावा मानला जातो.

या मानण्याला आधार आहे. नवकार मंत्र याच शब्दांनी सुरू होतो आणि ओडिशातला खारवेल राजाचा हाथीगुंफा लेखही. पण अरहंत बौद्धांनाही पूज्य, आणि आसपासच्या बौद्ध लेण्यांत भिक्षूंना भदंतच म्हटलेलं आहे. निवाडा करायचा तर दोन्ही परंपरांचे लेख शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत. जैन धर्माचा विद्यापीठीय अभ्यास हेच शिकवतो. हा विषय जैन घरांतल्या मुलांचा, ही समजूत त्यामुळेच मला सगळ्या महाराष्ट्राच्या नुकसानीची वाटते.

या अभ्यासाची सुरुवात भाषेपासून होते. श्वेतांबरांचे आगम अर्धमागधीत, दिगंबरांचे जुने ग्रंथ शौरसेनीत, आणि आगमांवरच्या टीका व कथांचा मोठा साठा महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. विमलसूरीचं ‘पउमचरिय’ याच भाषेतलं. त्या रामकथेत रावण लक्ष्मणाच्या हातून मरतो, कारण अहिंसेच्या वाटेवरचा राम हत्या करत नाही. वाल्मीकी वाचलेल्या विद्यार्थ्याने हे वाचलं, की रामकथेवर या देशात किती जणांनी किती गांभीर्याने विचार केला, ते त्याला कळतं.

या अभ्यासासाठी पुण्याइतकं सोयीचं शहर क्वचितच असेल. मुंबई सरकारसाठी ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर यांनी जमवलेली हस्तलिखितं 1917 साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत आहेत, आणि त्यांतल्या जैन ग्रंथांची वर्णनात्मक सूची हिरालाल कापडियांनी केली. ब्यूलर जैसलमेरच्या जैन भांडारापर्यंत पोचले, तेव्हा त्यांना तिथे शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ सापडला. हा बौद्ध ग्रंथ आहे, आणि जैनांच्या मतांचंही त्यात खंडन आहे. तरी जैनांनी तो शतकानुशतकं जपला. विरोधकाचा ग्रंथ नीट वाचूनच त्याच्याशी वाद घालायचा, हा त्यांचा संस्कार.

पुण्याच्याच फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणारे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचे अभ्यासक. पण त्यांनी जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्याम, म्हणजे चार व्रतांच्या, धर्मावर पुस्तक लिहिलं आणि 1947 साली सेवाग्रामला जैनांच्या सल्लेखनेच्या वाटेने अन्न सोडून देह ठेवला. अभ्यास माणसाला कुठवर नेतो, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संस्कृत-प्राकृत विभाग आहे. भांडारकर संस्थेत डॉ. अ. मा. घाटगे यांनी प्राकृतांच्या महाकोशाचं काम उभं केलं. त्यात शब्दाच्या प्रत्येक अर्थामागे मूळ ग्रंथातला दाखला शोधून लावायचा असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी, पाली आणि प्राकृत यांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा मिळाला. पण दर्जा मिळाला म्हणून दाखले आपोआप लागत नाहीत. त्यासाठी मूळ पोथी उघडून वाचणारी मुलंमुली लागतात, मग ती कुठल्याही घरातली असोत.