आवडीचा शेजार

आपल्याला काय आवडते असे कोणी विचारले म्हणजे आपण चटकन चार नावे सांगतो. दोन पुस्तके, एखादा गवई, एखादा कार्यक्रम. सांगताना आविर्भाव असा असतो, की जणू कापडवाल्याकडे बसून, दहा ठाण उलगडायला लावून, त्यांतले एक आपण पारखून घेतले आहे. वास्तविक आवड अशी विकत घेता येत नाही. ती कानावर पडते, शेजारून झिरपते, आणि मुरल्यावर आपण तिला आपली म्हणू लागतो.

कुक्षीसारख्या गावात हे अधिक उघड दिसते. कुक्षी हा जुन्या धार संस्थानातला परगणा. पवारांचे राज्य म्हणून मराठी घरे या भागात आली. पण गाव निमाडचे. बाजारात निमाडी, हिंदी आणि भिली ऐकू येते, मराठी उंबरठ्याच्या आत. माझे वडील दरबारी गवई. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते; मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. होळीआधीच्या आठवड्यात भगोरियाच्या बाजाराला निघालेल्या टोळ्यांचा मांदल सकाळीच रस्त्यावर घुमू लागे आणि घरात वडिलांची तोडी चाललेली असे. खिडकी लावावी असे त्यांच्या मनात कधी आले नाही. "त्याचीही लय ऐक," म्हणत आणि पुढे गात.

पुस्तकांचेही तसेच. घरच्या कपाटात भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे भाग होते. पहिला १९१० सालचा. मूळ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला. तो ग्रंथ मी काही हौसेने उचलला नाही. पावसाळ्यात दुपारी दुसरे करण्यासारखे नव्हते आणि हाताशी तोच होता. आता शिकवणी करताना मुलांनी शंका विचारली की तो शिष्य आठवतो. किती शंका काढतो बिचारा! भा. रा. तांबे असेच भेटले. या कवीचे आयुष्य ग्वाल्हेर, देवास, इंदूर अशा संस्थानी मुलुखात गेले. पुण्यामुंबईच्या वाचकाला त्यांची गीते लताबाईंच्या आवाजात परिचयाची. आम्हांला मात्र ते आपल्याच वाटेवरचे वाटतात. मराठी आमच्याकडेही पिकते, हा दिलासा त्यांनी दिला.

रेडिओ एकच होता. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ च्या मे महिन्यात सुरू झाले, आणि पुढे कित्येक वर्षे मालव्यानिमाडच्या घरांची संध्याकाळ त्याने बांधून टाकली. शेजारच्या काकांना नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा हव्यात, आईला विविध भारतीवरची गाणी, वडिलांना शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. प्रत्येकाला आपले ऐकायचे तर दुसऱ्याचे ऐकावेच लागे. माळवी बोलीचा गोडवा मला काकांच्या हट्टामुळे कळला. गल्लीत दूरदर्शन संच आला तो 'रामायणा'च्या दिवसांत, १९८७-८८ मध्ये. रविवारी सकाळी पंचवीस माणसे एका खोलीत. त्याच संचावर पुढे 'भारत एक खोज' पाहिले, 'सुरभि' पाहिले. नीट कळत नसे, पण मोठी माणसे पाहत म्हणून आम्ही बसत असू, आणि बसता बसता कळू लागे.

नावडत्या गोष्टीजवळ बसण्याची ही सवय किती फळते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच भागातले आहे. बेळगावकडचे कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयाच्या उपचारासाठी. राजब अली खाँसारख्या बुजुर्ग दरबार-गवयाचे ते गाव. पण या तरुण गवयाला गाण्याचीच मनाई. अंथरुणावर पडून काय ऐकायचे, हे त्यांच्या हाती नव्हते. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची गाणी आणि नाथपंथी भजने कानावर येत राहिली. तेच कान देऊन ऐकले. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले तेव्हा गाणे बदलले होते. लोकधुनांतून त्यांना नवे राग दिसले, आणि १९६५ साली 'अनूपरागविलास' छापून निघाले. रोजच्या जगण्यातला आवाज रागसंगीतात कसा येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही. कुमारांचे जे गाणे ऐकायला वडिलांना देवासपर्यंत जावे लागे, ते माझे विद्यार्थी कुक्षीच्या ओट्यावर बसून ऐकतात. अडचण निराळी आहे. यंत्र तुमची आवड ओळखते आणि तीच पुन्हा पुन्हा वाढते. पानात दुसऱ्याच्या आवडीची भाजी पडतच नाही. शिकवणीला येणाऱ्या मुलांचे गळे चांगले आहेत, गाणी शेकडो पाठ आहेत. पण शेजारचा मुलगा काय ऐकतो हे एकालाही सांगता येत नाही.

याने काय जाते, ते चैत्रात कळते. निमाडात गणगौर नऊ दिवस चालते. टोपलीत गव्हाचे जवारे रुजवतात, रणूबाई आणि धनियर राजाची गाणी होतात, आणि शेवटी जवारे पाण्यात सोडतात. ही गाणी वहीतून शिकवीत नाहीत. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या मुलीच्या तोंडी ती आपोआप बसतात. आमच्या गल्लीत ज्या काकी गाणे उचलून धरीत, त्या गेल्या. पुढच्या वर्षी मुलींनी मोबाइलवर गणगौरचे गाणे शोधले. मिळाले ते राजस्थानचे, उत्तम वाद्यमेळातले, ईसर आणि गौरेचे. तेही सुंदरच, पण आमच्या ओट्यावरची रणूबाई त्या वर्षी मुकी राहिली. आमच्या तहसिलातले निसरपूर २०१९ साली सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले. वस्ती नव्या जागी गेली, जुने शेजार मोडले. घर नव्याने बांधता येते. घोळका बांधता येत नाही. कुक्षी पाण्यापासून वाचली आहे. आमचे घोळके आम्ही कोरड्या जमिनीवर मोडू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

म्हणून घरी एक शिस्त ठेवली आहे. रात्री जेवणानंतर तास दीड तास एकच यंत्र चालते, आणि प्रत्येकाने पाळीपाळीने आपले लावायचे. दुसऱ्याची पाळी असताना उठायचे नाही. मुलगी कोरियातल्या तरुणांची गाणी लावते. शब्द कळत नाहीत. पण चार-पाच जण एक ओळ कशी वाटून घेतात, ते ऐकण्याजोगे असते. माझ्या पाळीला कुमारांचे निर्गुणी भजन लागते, तेव्हा तीही बसून असते. तिला ते आवडते असे मी म्हणणार नाही. तिने ऐकले, एवढे पुरेसे आहे.

गल्लीतल्या दोन वृद्ध बायकांना अजून बरीचशी गणगौर पाठ आहे. शिकवणीच्या मुली त्यांच्या आवाजात ती मोबाइलवरच उतरवून घेत आहेत. मात्र मी त्यांना सांगून ठेवले आहे, की उतरवलेले गाणे राखणीपुरते. शिकायचे ते त्यांच्या शेजारी बसूनच. आवाज डबीत राहील, पण आवडीला शेजार लागतो.