जतन कुणाचे, पुनरुज्जीवन कुणासाठी?

शहराचा वारसा जपला पाहिजे, या विधानाला सहसा कुणी विरोध करीत नाही. परंतु वारसा कशाला म्हणायचे आणि ते ठरविण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न विचारला की एकमत संपते. हा प्रश्न केवळ वास्तुविशारदांवर सोपवून आपल्याला चालणार नाही. तो आपल्या वस्त्यांचा प्रश्न आहे.

मुंबईत 1995 साली वारसा नियमावली आली. तिने वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूला शक्यतो हात लावायचा नाही, दुसरीत मर्यादित फेरफार, तिसरीत अधिक मोकळीक. या नियमांमुळे फोर्ट भागातील अनेक इमारती वाचल्या, हे मान्य केले पाहिजे. मात्र अशा यादीची नजर मुख्यतः दगडावर असते. तो दगड फोडणारा माणूस तिच्यात येत नाही. 2011 साली युनेस्कोने ‘ऐतिहासिक नागरी परिसर’ या कल्पनेविषयी शिफारस स्वीकारली. डोंगर, पाणी, रस्ते, वस्त्या, व्यवसाय, चालीरीती आणि लोकांच्या आठवणी यांतून शहर घडते. म्हणून जतन आणि विकास यांचा विचार एकत्र व्हावा व त्यात रहिवाशांचा सहभाग असावा, असे तिचे म्हणणे आहे. विचार चांगला आहे. तो पवईला लावून पाहू.

पवईच्या आसपासच्या डोंगरांत कोंडिविटे आणि कान्हेरी ही बौद्ध लेणी आहेत. कान्हेरीच्या कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, आणि तिथल्या शिलालेखांत व्यापाऱ्यांबरोबर कारागिरांचीही दाने कोरलेली आहेत. श्रमाचे नाव दगडावर लिहिणारी ही परंपरा आपली आहे. पवई, तिरंदाज, पासपोली ही इथली जुनी गावे, आणि भोवती आदिवासींचे पाडे. 1891 साली महापालिकेने शहराच्या पाण्यासाठी पवईचे तळे बांधले. पण ते पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. पुढे खाणी आल्या, 1958 साली स्थापन झालेली आय. आय. टी. आली. एकावर एक बसलेले हे थर म्हणजेच पवईचा ऐतिहासिक परिसर.

1986 साली शासन, विकास प्राधिकरण आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सुमारे 230 एकर जमीन हेक्टरी 1 रुपया दराने 80 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेली. अट अशी, की तिच्यावर 40 आणि 80 चौरस मीटरची घरे बांधावीत. प्रत्यक्षात उभे राहिले ते ग्रीक-रोमन धाटणीचे खांब मिरविणारे श्रीमंतांचे नगर. करारातील अटींचा भंग झाल्याचे मानून उच्च न्यायालयाने 2012 साली तीन हजारांहून अधिक लहान घरे बांधण्याचा आदेश दिला. ज्या भूमीच्या शेजारी दोन हजार वर्षांची लेणी आहेत, तिथे उसना इतिहास सिमेंटमध्ये ओतला गेला. याच पवईतील जयभीम नगर ही बांधकाम मजुरांची वस्ती 6 जून 2024 रोजी पाडण्यात आली. सहाशेच्या वर कुटुंबे पदपथावर आली. पावसाळ्यात झोपड्या पाडू नयेत असा शासनाचाच निर्णय होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्याने चौकशीसाठी विशेष पथक नेमायला लावले. ज्यांनी नगर बांधले त्यांना नगराच्या इतिहासात जागा नाही आणि भूगोलातही नाही!

तेव्हा जुने ते सारे जसेच्या तसे राखावे काय? माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. जुन्या गावाचा नकाशा हा जातीचाही नकाशा असतो. पाणवठा कुणाचा, वेशीबाहेर कोण, हे त्यात आखलेले असते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली ती यासाठीच. गावपणाचे गोडवे गाणारे जतन ही विषमता रंगरंगोटी करून परत देते.

दैन्याचेही जतन नको. वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील 160 चौरस फुटांची खोली आणि सार्वजनिक संडास यांत सौंदर्य शोधणारा तिथे राहत नसतो. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या पहिल्या रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरे मिळाली, याचे स्वागतच केले पाहिजे. पण जानेवारी 1974 च्या दंगलीत याच चाळींनी पँथरची लढाई पाहिली. नव्या मनोऱ्यांत ती स्मृती कुठे राहणार, हे विचारण्याचा हक्क घर मिळाल्याने संपत नाही.

यातून दोन कसोट्या निघतात. पुनरुज्जीवनानंतर तिथली माणसे तिथेच राहिली काय? आणि त्यांच्या श्रमाची व संघर्षाची नोंद राहिली काय? या दोहोंचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याला हकालपट्टी म्हणावे.

मी उपनगरातील महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या वर्गातील बरीच मुले आपापल्या घरातली पहिलीच आहेत. त्यांना मी सांगतो की यादी करणाऱ्यांची वाट पाहू नका. वस्तीतील म्हाताऱ्यांना विचारा, खाणीत कोण होते, पाणी कुठून आणीत, विहार कुणी बांधले. जुनी शिधापत्रिका, वीजबिल, पाडकामाची नोटीस, जयंतीचे छायाचित्र जपून ठेवा. वस्तीचा नकाशा स्वतः काढा आणि तारखेसह वहीत नोंदी करा. उद्या न्यायालयात आणि इतिहासातही याच कागदांवर आपल्याला बोलावे लागणार आहे.