सीटखालचा स्विच

काउंटरवर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी होती आणि ती वायरच्या तुकड्यांनी निम्म्याहून जास्त भरली होती. बोटाएवढे तुकडे. काहींच्या दोन्ही टोकांना पिना, काहींचं नुसतं साल सोलून तांबं उघडं केलेलं. मधेच कागदांना लावायची एक क्लिप, वाकवून सरळ केलेली. मला वाटलं, उरलीसुरली वायर साठवायची सवय असेल. विचारलं तर मेकॅनिक म्हणाला, "हे सगळं लोकांच्या सीटखालून निघालंय."

विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी आणि मॅडिसन या दोन शहरांच्या मधल्या एका छोट्या गावातलं हे दुरुस्तीचं दुकान. लेकीच्या घराभोवती पाऊण एकर गवत आहे. ते कापायचा लॉन ट्रॅक्टर जावयांनी घराच्या आधीच्या मालकाकडूनच विकत घेतला होता. थंडी सरल्यावर त्याचं सर्व्हिसिंग करायचं होतं, म्हणून ते निघाले आणि मी सोबत गेले. ट्रॅक्टर तिथे सोडून आम्ही परतलो, पण ती बरणी काही डोक्यातून जाईना. पुढे जमेल तशी मी त्या दुकानात जाऊन बसू लागले. मेकॅनिक साठीचा, कमी बोलणारा. त्याची हरकत नव्हती. एक स्टूल पुढे सरकवून तो म्हणाला, "पिवळ्या रेघेच्या अलीकडे बसा."

या भागात गवत कापणं हा किरकोळ विषय नाही. चालकाला बसता येईल असे लॉन ट्रॅक्टर जॉन डिअर कंपनीने 1963 साली काढले, ते याच राज्यातल्या होरिकॉन गावच्या कारखान्यातून. अशा यंत्रांवर ज्यांची इंजिनं हमखास दिसतात ती ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनी 1908 साली मिलवॉकीत सुरू झाली. खुद्द गवत कापायच्या यंत्राचं पेटंट त्याहून जुनं, 1830 सालचं, इंग्लंडमधल्या एडविन बडिंगचं. पण ते यंत्र हाताने ढकलायचं होतं. अमेरिकेत हिरवळीखाली किती जमीन आहे याचा अंदाज उपग्रहांच्या चित्रांवरून बांधणारा एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यातला आकडा सुमारे 1,63,000 चौरस किलोमीटर होता, म्हणजे आपल्या अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त. खाता न येणारं एवढं पीक दर आठवड्याला कापायचं, तेही बहुतेक ठिकाणी घरच्याच माणसांनी. कारखान्यात यंत्र चालवणाऱ्याला निदान कुणीतरी शिकवतं. इथे शनिवारी सकाळी किल्ली फिरवणाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दुकानात शिरलं की पहिल्यांदा भेटतो तो वास. आदल्या हंगामातलं गवत पात्यांवरच्या पत्र्याच्या डेकला आतून थरावर थर चिकटून कुजलेलं असतं. पावसात भिजलेल्या कडब्याच्या गंजीसारखा तो उबट आंबूस वास, आणि त्यात हिवाळाभर टाकीत पडून बिघडलेल्या पेट्रोलचा उग्र दर्प मिसळलेला. संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्या स्वेटरलाही तो यायचा. मेकॅनिकला त्या वासावरून बरंच काही कळतं. टाकीचं झाकण उघडून तो नुसता हुंगतो आणि कार्ब्युरेटर काढावा लागणार की नाही ते सांगतो. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा 10 टक्के इथेनॉल असतं. ते महिनाभराहून जास्त तसंच पडून राहिलं की बिघडायला लागतं आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत त्याचा चिकट थर बसतो. शरद संपताना टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडा वेळ चालवलं, तर वसंतातलं निम्मं काम वाचतं, असं तो प्रत्येकाला सांगतो. दर वसंतात तीच यंत्रं तशीच परत येतात.

बाकीचं सर्व्हिसिंग सरळ आहे. ऑइल 50 तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचं, हवेचा फिल्टर झटकायचा किंवा नवा घालायचा, बेल्टला चिरा गेल्यात का ते बघायचं, चाकांतली हवा दोन्ही बाजूंना सारखी ठेवायची. हवा कमीजास्त असली तर डेक तिरका होतो आणि गवतही तिरकं कापलं जातं. लोक उगाच पात्याला दोष देतात.

पात्याला हात लावण्याआधी मात्र तो जे करतो, ते बघायला मी पुन्हा पुन्हा गेले. ट्रॅक्टरची किल्ली काढून तो शर्टाच्या खिशात टाकतो. हुकाला नाही, टेबलावर नाही, खिशातच. मग स्पार्क प्लगची वायर उपटून प्लगपासून लांब खोचून ठेवतो. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही वायरी. मग हातमोजे. मग पातं फिरू नये म्हणून डेक आणि पात्यामध्ये लाकडाचा ठोकळा. एवढं झाल्यावरच पाना. त्याचा हा क्रम एकदाही बदललेला मी पाहिला नाही. घाईत असलेलं गिऱ्हाईक दारात उभं असतानाही नाही. किल्ली काढली तरी पातं हाताने फिरवताना इंजिन फिरू शकतं आणि प्लगला ठिणगी मिळाली तर ते एखादा झटका देऊ शकतं, म्हणून वायर काढायची. आणि किल्ली खिशात का? "दुकानात दुसरा कोणी आला आणि त्याने मदत म्हणून ट्रॅक्टर जरा हलवायचं ठरवलं तर?" तो म्हणाला.

धार ग्राइंडरवर लागते, ठिणग्या उडतात, ते बघायला छान असतं. पण त्याचं खरं लक्ष असतं ते नंतरच्या गोष्टीकडे. भिंतीत एक खिळा आहे. पात्याच्या मधल्या भोकातून ते खिळ्याला आडवं टांगायचं. एक बाजू खाली गेली तर ती जड. तिथून आणखी थोडा धातू घासायचा, पुन्हा टांगायचं, पातं आडवं स्थिर राहीपर्यंत. तोल गेलेलं पातं सगळं यंत्र थरथरवतं, बेअरिंग खातं. आणि बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांनी हिरवळीवर पांढुरकी झाक दिसते ती फाटलेल्या टोकांची.

"पाच सेकंद," एकदा धार लावून झालेलं पातं दाखवत तो म्हणाला. "बरणीतली प्रत्येक वायर त्या पाच सेकंदांची आहे."

मग तो आम्हाला दुकानामागच्या गवतावर घेऊन गेला. जावईही आले होते. गवत जिकडे फेकलं जातं त्या बाजूला त्याने कुणालाही उभं राहू दिलं नाही. कुंपणापलीकडे जायला सांगितलं. सीटवर बसला, ब्रेक दाबला, इंजिन सुरू केलं आणि पिवळं बटण वर ओढलं. डेकखाली पात्यांचा सूर चढत गेला. अमेरिकी मानकाप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19,000 फुटांपेक्षा जास्त असता कामा नये. आपल्या हिशेबात तो ताशी सुमारे 345 किलोमीटर होतो. एवढ्या वेगाने फेकलेला खडा खिडकीची काच कशी फोडतो, आणि डोळ्याचं काय करेल, ते वेगळं सांगायला नको. मग तो सीटवरून नुसता अर्धवट उठला. सीटखालच्या स्विचने इंजिन तत्क्षणी बंद केलं. पण पाती फिरतच होती, सूर उतरत होता, आणि तो मोठ्याने मोजत होता. एक, दोन, तीन, चार. पाच म्हणायच्या आत शांत. पाच सेकंदांत पाती थांबलीच पाहिजेत, नाही थांबली तर यंत्र दुरुस्तीला आणा, असं यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका कोण उघडतं?

ओलं गवत कापताना डेकचं तोंड तुंबतं. चालवणारा माणूस वैतागून उतरतो आणि हात घालून ते गवत ओढायला जातो. सीटवरून उतरून डेकच्या तोंडापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते मी स्वतः चालून पाहिलं. तीन सेकंद. म्हणजे स्विच शाबूत असला, तरी पातं थांबायच्या आधी हात पोचतो. आणि सीटखाली वायरचा तुकडा घालून स्विचला फसवलेलं असेल, तर पातं थांबतच नाही. माणूस सीटवर आहे असंच यंत्राला वाटत राहतं. म्हणून नियम साधा आहे: बटण दाबून पाती बंद करायची, किल्ली काढायची, पाच सेकंद मोजायचे, डोळ्यांनी खात्री करायची, आणि तरीही हात नाही, काठी घालायची.

ज्यांनी त्या वायरी घातल्या, त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. एका सकाळी असाच एक गिऱ्हाईक आला. सीट उचलल्यावर वायर निघालीच. तो चिडला. त्याची बायको सडपातळ; सफरचंदाच्या झाडापाशी जमीन उंचसखल आहे; तिथे ती जराशी उसळली की इंजिन बंद, दर वेळी. मग काय करायचं? मला त्याची अडचण खरी वाटली. स्विच खडबडीत जमिनीवर सारखा दगा देत असेल, तर माणसं त्याला गप्प करणारच, आणि हा दोष बनवणाऱ्यांचाही आहे. मेकॅनिकने त्याचं सगळं ऐकून घेतलं. सीटची स्प्रिंग दाबून पाहिली. मग स्विचचा प्लग ओढून काढून त्याला दाखवला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, आणि शेजारची वायर उंदरांनी कुरतडली होती. हिवाळ्यात उंदीर या यंत्रांत घरटी करतात. बायकोचं वजन हा प्रश्नच नव्हता. नवा स्विच, नवा प्लग, वीसेक डॉलरचं काम. "हे केल्याशिवाय मी बाकी कशालाच हात लावणार नाही," तो म्हणाला, आवाज न चढवता. गिऱ्हाईक थोडा वेळ उभा राहिला, मग हो म्हणाला. वायरचा तो तुकडा बरणीत गेला.

मला वाटतं, या सगळ्या कामात कौशल्य धारेत नाही, इंजिनातही नाही. ते या नकारात आहे. मोडलेली सोय दुरुस्त करायची, तिला वळसा घालायचा नाही, हे तो रोज कुणाला ना कुणाला पटवतो आणि त्यासाठी प्रसंगी काम सोडतो. शेजारच्या गावात न विचारता काम करून देणारं दुकान आहे, हे त्याला माहीत आहे.

मुलांबद्दल मात्र तो जास्त बोलला. माझा चार वर्षांचा नातू बाबांच्या मांडीवर बसून ट्रॅक्टरची फेरी मारायचा हट्ट धरतो. पाती बंद ठेवून एक चक्कर मारली तर काय बिघडलं, असं मीही म्हटलं असतं. मेकॅनिक म्हणाला, ज्या मुलाला एकदा फेरी मिळते ते पुढच्या वेळी आवाज ऐकून पुन्हा फेरीसाठी धावत येतं. चालवणाऱ्याच्या कानांवर आवाज अडवणारे मफ असतात, मागे त्याला दिसत नसतं. म्हणूनच अलीकडच्या यंत्रांत मागे जायचं पेडल दाबलं की पाती आपोआप बंद होतात. मागे जाताना कापायचंच असेल तर त्यासाठी वेगळं बटण मुद्दाम दाबावं लागतं. ते बटण त्याने जावयांना दाखवलं आणि म्हणाला, "याला कधी हात लावायची गरज पडली, तर उतरून बागेला एक फेरी मारून या. मग ठरवा." अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला आहे की बसून चालवायचं यंत्र 16 वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये, आणि कुणालाही प्रवासी म्हणून बसवू नये. हे घरी आल्यावर मी लेकीला सांगितलं. नातवाची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते सोपं नव्हतं.

ट्रॅक्टर घ्यायला गेलो त्या दिवशी मेकॅनिकने जावयांना एकच प्रश्न विचारला: रस्त्याकडेच्या चरीचा उतार यावरच बसून कापता का? जावई म्हणाले, हो, आडवा. मेकॅनिकने मान हलवली. लॉन ट्रॅक्टर उतारावर आडवा नेला की खालच्या बाजूला कलंडू शकतो. सरळ वर आणि सरळ खाली न्यायचा, वळण उतारावर घ्यायचं नाही, आणि 15 अंशांहून जास्त उतार असेल तर न्यायचाच नाही. ओलं असताना तर मुळीच नाही. चर, तलावाचा काठ, भिंतीची कड, जिथे एक चाक निसटू शकतं तिथे दोन मीटर तरी मोकळे सोडायचे.

घरी आल्यावर जावयांनी एक फळी गवतावर ठेवली आणि फोनमधल्या लेव्हलने उतार मोजला. घराजवळ 8 अंश. पोस्टाच्या पेटीपाशी 13. चरीच्या कडेला 21. तीन वर्षं ते तिथेच आडवे कापत होते. फळी उचलून ते काही वेळ तसेच उभे राहिले, मग गॅरेजमधून हाताने धरायचा ट्रिमर काढून त्याची दोरी तपासायला बसले. त्या पट्ट्याला ट्रिमरने निदान तासभर लागणार होता. लेक म्हणाली, अर्धा तू कर, अर्धा मी करते.