केसपेपरवर नुसते ‘मजूर’ नको

चंद्रपूर-गडचिरोलीकडील कर्करोगाचा रोगी दवाखान्यात गेला की केसपेपरवर व्यवसाय म्हणून बहुधा एकच शब्द पडतो, ‘मजूर’. खर्रा खाता का, बिडी ओढता का, हे विचारले जाते. ते विचारलेच पाहिजे. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखूच आहे. पण रोग फुफ्फुसाचा किंवा नाकाच्या पोकळीचा असेल तर एवढ्यावर थांबणे हा रोग्यावर अन्याय आहे.

आपल्याकडचा मजूर जन्मभर एकच काम करीत नाही. पावसाळ्यात धानाची रोवणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, काही वर्षे आरा मशीनवर, काही गिट्टी क्रशरवर, पुढे ठेकेदारामार्फत सिमेंट कारखान्यात किंवा कोळसा खाणीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची बारीक धूळ 1995 मध्ये, दगडाच्या धुळीतील सिलिका 1997 मध्ये आणि डिझेलचा धूर 2012 मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरविला. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग तर बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उमटतो. तोवर ठेकेदार कुठे आणि हजेरीबुक कुठे!

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षे, यांतील जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. कागदाशिवाय भरपाई मागणे फार कठीण जाते. मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. खाणीतले काम वरून दिसत नाही.

रोग्याबरोबर जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी घरीच एका कागदावर क्रमाने लिहावे : कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या गावी, मालक व ठेकेदार कोण, हाताखाली कोणता माल, धूळ किती, तोंडाला फडके होते काय. जुना गेटपास, पगारचिठ्ठी, पी.एफ. नंबर सापडल्यास झेरॉक्स जोडावी आणि डॉक्टरांना तो कागद केसपेपरला लावण्याची विनंती करावी. विनयपिटकात तथागत आजारी भिक्खूजवळ गेले तेव्हा आधी त्यांनी त्याला विचारलेच होते.

रोगी थकला असेल तर घरच्यांना विचारावे. कामावरच्या कपड्यांची धूळ कोणत्या रंगाची होती, हे ते धुणाऱ्या बाईला नेमके आठवते. तिचीही नोंद करावी, कारण ॲस्बेस्टॉसची धूळ कपड्यांवरून घरात येते.