अरण्यातील भागीदारी

मोकळ्या आकाशात उडणाऱ्या एका पक्ष्याची किंमत किती? पक्षिबाजारातील विक्रेत्याला विचारले, तर तो पिंजऱ्यासह भाव सांगेल. चार्ल्स मन या पक्षिशास्त्रज्ञांनी १९९२ साली या प्रश्नाचा हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडला. आग्नेय पेरूच्या वर्षावनात मोकळा फिरणारा एक मोठा मकाव पोपट, त्याला पाहण्यास येणाऱ्या पर्यटकांमुळे, वर्षाकाठी ७५० ते ४,७०० डॉलर मिळवून देऊ शकतो, असा त्यांचा अंदाज होता. पकडलेला पक्षी एकदाच विकला जातो. झाडावरचा पक्षी दरवर्षी उत्पन्न देतो. मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवावे, ही शिकवण व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. मन यांचा हिशेब त्याच जातीचा होता. मात्र त्यात एक प्रश्न अनुत्तरित राहिला होता: हे व्याज नेमके कोणाच्या पदरात पडणार?

त्या प्रश्नाचे एक उत्तर तांबोपाता नदीच्या काठी शोधले गेले.

नदीकाठचे गाव

पेरू देशाच्या आग्नेय कोपऱ्यात माद्रे दे दिओस हा प्रांत आहे. अँडीज पर्वताच्या पायथ्यापासून अमेझॉनच्या सखल अरण्यापर्यंत तो पसरला आहे. पुएर्तो माल्दोनादो हे त्याचे मुख्य शहर असून तेथेच तांबोपाता नदी माद्रे दे दिओस नदीला मिळते. या परिसरात १९९० साली सुमारे पंधरा लाख हेक्टरांचे क्षेत्र राखीव म्हणून घोषित झाले. पुढे त्यातून बाहुआहा-सोनेने राष्ट्रीय उद्यान आणि २००० साली २,७४,६९० हेक्टरांचे तांबोपाता राष्ट्रीय अभयारण्य आकाराला आले.

या अरण्याच्या उंबरठ्यावर इन्फिएर्नो नावाचे गाव आहे. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नरक’. एसे एहा हे येथील मूळ रहिवासी; त्यांच्यासोबत नदीकाठचे मिश्रवंशीय शेतकरी आणि अँडीजमधून उतरलेली कुटुंबेही येथे नांदतात. १९७६ साली या समुदायाला सुमारे साडेनऊ हजार हेक्टर जमिनीचा सामूहिक हक्क मिळाला. जमीन हाती होती, पण रोकड नव्हती. थोडी शेती, मासेमारी, शिकार आणि रानातून गोळा केलेली फळे एवढ्यावरच चरितार्थ चाले. पर्यटकांच्या नावा नदीतून येत आणि गावासमोरून पुढे निघून जात.

करारातील कलमे

१९९६ साली या गावाने रेनफॉरेस्ट एक्सपेडिशन्स या पेरूमधील खासगी कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. गावाच्या जमिनीवर पर्यटकांसाठी निवासस्थान उभारायचे. नफ्यातील ६० टक्के वाटा गावाचा आणि ४० टक्के कंपनीचा. व्यवस्थापनाच्या निर्णयांत मात्र दोघांचा अधिकार समसमान. मुदत संपल्यावर निवासस्थानाची मालकी पूर्णतः गावाकडे जाणार. १९९८ साली ‘पोसादा अमेझोनास’ या नावाने ते सुरू झाले.

व्यवहार जाणणाऱ्या वाचकाच्या लक्षात येईल की, या करारातील सर्वांत मोलाचे कलम ६० टक्क्यांचे नाही. नफ्याचा वाटा देणारे पुष्कळ असतात. निर्णयाचा वाटा देणारे विरळा. गावाने निवडलेली नियंत्रण समिती कंपनीसोबत बसून कारभार ठरवू लागली. ज्या लोकांनी पूर्वी कधी ताळेबंद पाहिला नव्हता, त्यांना खर्च आणि नफा यांतील फरक, घसारा, राखीव निधी या गोष्टी हळूहळू उमगू लागल्या. खोल्या साफ करण्यापासून नाव चालवण्यापर्यंतची कामे गावकऱ्यांकडे आली आणि कालांतराने त्यांच्यातूनच मार्गदर्शक तयार झाले. नफ्यातील काही भाग कुटुंबांत वाटला जाई, तर काही शिक्षण, आरोग्य अशा सामाईक कामांसाठी राखला जाई.

पाहण्याचीही मर्यादा

येथे येणाऱ्या पाहुण्याला तीन गोष्टींची विशेष ओढ असते. पहिली, मातीच्या कड्यावर जमणारे पोपट. पहाटे नदीकाठच्या उभ्या कड्यावर मकाव आणि अन्य पोपट थव्यांनी उतरतात आणि चक्क माती खातात. समुद्रापासून दूर असलेल्या या अरण्यात अन्नातून सोडियम कमी मिळते आणि ती उणीव हे पक्षी मातीतून भरून काढतात, असे तेथील दीर्घकालीन संशोधन सुचवते. दुसरी गोष्ट हार्पी गरुड. जगातील अत्यंत बलाढ्य शिकारी पक्ष्यांत गणला जाणारा हा गरुड दोन-तीन वर्षांतून एखादेच पिल्लू वाढवतो. ज्या कुटुंबाच्या ताब्यातील रानात त्याचे घरटे आढळे, त्या कुटुंबाला पर्यटकांच्या भेटीपोटी मोबदला देण्याची प्रथा पडली. त्यामुळे घरट्याचे झाड तोडण्याऐवजी राखण्यात कुटुंबाचे हित निर्माण झाले.

तिसरी गोष्ट महाकाय पाणमांजर. पावणेदोन मीटरांपर्यंत लांबी असलेला हा प्राणी कुटुंब करून राहतो. विसाव्या शतकाच्या मध्यात कातड्यासाठी त्याची बेसुमार कत्तल झाली. गावाच्या हद्दीतील ट्रेस चिम्बादास या नालाकृती सरोवरात त्याचे वास्तव्य आहे. माणसांची वर्दळ त्याला सोसत नाही. पिल्लांच्या संगोपनावर परिणाम होतो. म्हणून पर्यटकांना इंजिनाविना, वल्ह्याने चालणाऱ्या तराफ्यावरून नेले जाते आणि सरोवराचा एक भाग पूर्णपणे वर्ज्य ठेवला जातो. पाहुण्याने पैसे भरले असले, तरी त्याला सर्वत्र जाता येत नाही. ग्राहकाला ‘नाही’ म्हणण्याची ही तयारीच त्या धंद्याचे भांडवल सुरक्षित ठेवते.

ब्राझील नटचा धडा

सुक्या मेव्याच्या व्यापारात परिचित असलेला ब्राझील नट याच अरण्यात पिकतो. पन्नास मीटरपर्यंत उंच वाढणाऱ्या या वृक्षाची फुले धष्टपुष्ट रानमाश्यांविना फळत नाहीत. त्याचे नारळासारखे कठीण फळ फोडून बिया पुरून ठेवण्याचे काम अगूटी नावाचा कुरतडणारा प्राणी करतो. पुरलेल्या ज्या बियांचा त्याला विसर पडतो, त्यांतून नवे रोप उगवते. सभोवतालचे जंगल तोडून केवळ हीच झाडे राखली, तर उत्पन्न घटते. पावसाळ्यात जमिनीवर गळलेली फळे वेचणे एवढेच माणसाचे काम. झाड न तोडता, प्राणी न मारता मिळणारे हे उत्पन्न अवघे अरण्य उभे असेल तोवरच मिळते. पर्यटनाचे उत्पन्नही याच जातीचे आहे.

जमेसमोरची नावे

जमेची बाजू पाहिली, तशी नावेची बाजूही पाहिली पाहिजे. अमांडा स्ट्रॉन्झा या मानववंशशास्त्रज्ञांनी इन्फिएर्नोचा अनेक वर्षे अभ्यास केला. निवासस्थानात नोकरी करणाऱ्यांना शिकार आणि शेतीसाठी वेळ कमी उरला, हे त्यांना आढळले. परंतु हाती आलेल्या रोकडीमुळे खरेदी वाढली आणि काहींना उत्पादन वाढवण्याची ऐपत आली, हेही आढळले. म्हणजे पैसा स्वतःहून अरण्य राखत नाही. मालकी, निर्णयाचा अधिकार आणि त्यातून येणारी जबाबदारी यांची जोड त्याला लागते.

दुसरा धोका अधिक उघड आहे. याच प्रांतात नदीकाठच्या गाळात सोने सापडते. ते वेगळे करण्यासाठी पारा वापरला जातो आणि तो पाण्यातून माशांत व माशांतून माणसांत पोहोचतो. अभयारण्यालगतच्या ला पाम्पा भागात बेकायदा खाणींनी हजारो हेक्टर अरण्याचे वाळवंट केले. २०१९ साली सरकारला तेथे मोठी मोहीम राबवावी लागली. सोन्याचा भाव चढला की खाणीची मजुरी मार्गदर्शकाच्या वेतनाला मागे टाकते. अरण्य राखणाऱ्याला दररोज या मोहाशी स्पर्धा करावी लागते.

तिसरा धोका एकाच उत्पन्नावर विसंबण्याचा. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे पेरूच्या सीमा बंद झाल्या आणि पर्यटक येणे थांबले. सर्व ठेव एकाच पेढीत ठेवू नये, हा जुना नियम अरण्यालाही लागू पडतो. ज्यांच्याकडे शेतीचा तुकडा आणि ब्राझील नटचे रान शिल्लक होते, त्यांना त्याचा आधार होता.

प्रवाशाने विचारावयाचे प्रश्न

२०१६ साली कराराची मूळ मुदत भरली. गाव त्या दिवशी भागीदाराला निरोप देऊ शकले असते. परंतु त्याने सहकार्य पुढे चालू ठेवणे पसंत केले. वीस वर्षांपूर्वी ज्यांना अटी समजावून सांगाव्या लागल्या होत्या, ते आता अटी ठरवण्यासाठी बसले होते.

आज अनेक कुटुंबे परदेशातील अरण्ये पाहण्यास जातात. दक्षिण अमेरिकेतील या भागातून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि लस घेतल्यानंतर ते दहा दिवसांनी ग्राह्य ठरते, याची आठवण प्रवासी कंपनी बहुधा करून देते. काही प्रश्न मात्र प्रवाशाने स्वतःच विचारायला हवेत. निवासस्थानाची जमीन कोणाची? नफ्यात गावाचा वाटा किती? निर्णय घेताना गावाचा माणूस बैठकीत असतो का? आणि पाहुण्याला कोठे जाऊ दिले जात नाही? शेवटच्या प्रश्नाला ‘सगळीकडे जाता येते’ असे उत्तर मिळाले, तर तेथे व्याज संपून मुद्दल खर्ची पडू लागले आहे, असे समजावे.