सफेतीचा कुंचा आणि निर्दोषतेचा हव्यास

संस्कृतांत ‘सुधा’ ह्या एकाच शब्दाचे अमृत आणि चुना असे दोन्ही अर्थ आहेत. आणि त्या सुधेनें धवळलेलें मोठें घर तें ‘सौध’. आपल्या पूर्वजांनीं चुन्याला अमृताच्या पंक्तीस बसविलें. आपण मात्र घरच्या घरीं एक भिंत सफेत करावयाची म्हटली, कीं परीक्षेस बसल्यासारखे घाबरतों.

भीति कष्टांची नसते. वांकडेंतिकडें दिसेल, लोक हंसतील, ही असते. ओळंबा आणि गुण्या घेऊन जुन्या वाड्याच्या भिंतीपुढें उभें राहावें, तों कळून येतें कीं एकही कोपरा काटकोनांत नाहीं. कसा असावा? मातीची भिंत हातानें रचलेली, अनेक पावसाळे सोसलेली; तिनें भूमितींतील सरळ रेषा व्हावें हा हट्ट अन्यायाचा आहे. तरीही कित्येक गृहस्थ तिला सरळ करण्याकरितां तिजवर सिमेंटचा गिलावा चढवितात. मातीची भिंत ओल शोषते आणि ती हळूहळू हवेंत सोडून देते. सिमेंटनें ही वाट बुजते, ओल आंतच कोंडते, आणि कालांतरानें गिलाव्याचे पोपडे आपल्याबरोबर मातीही घेऊन सुटतात. भिंत सरळ करतां करतां ती दुबळी झाली, एवढेंच फळ पदरांत पडतें.

चुना ह्या बाबतींत फार समजूतदार. परंतु उतावळ्याचें तो कांहीं चालूं देत नाहीं. कळीचा चुना पाण्यांत थोडा थोडा सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतूं नये. तो उकळून अंगावर उडतो. डोळ्यांस झांकणारा चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. एक-दोन दिवस भिजल्यावर तो जुन्या धोतरांतून गाळून दुधाइतका पातळ करावा, भिंत झाडून तिजवर पाणी शिंपडावें, आणि मग पहिला हात द्यावा.

निर्दोषतेचा भक्त नेमका येथें फसतो. ओल्या चुन्यांतून खालचे डाग तसेच दिसत राहतात. त्याला वाटतें, काम बिघडलें! तो चुना दाट करतो आणि त्याच जागीं पुनः पुनः कुंचा घासतो. वास्तविक पांढरेपणा वाळतांना येतो, आणि पुढें हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन चुना पुन्हा दगडाच्या जातीचा होतो. दाट थर मात्र तडकतो व खपल्यांनीं निघतो. म्हणून पातळ असे दोन-तीन हात, एक उभा तर दुसरा आडवा, मध्यें वाळण्यास एक दिवस. पहिल्या हाताकडे वळून न पाहणें हीच ह्यांतली खरी तपश्चर्या!

आमच्या परिचयाच्या एका घरीं चौदा वर्षांच्या मुलीनें सर्व खबरदारी घेऊन माजघराचा एक कोपरा मोठ्या हौसेनें रंगविला. वडिलांना त्यांत कुंच्याचे फराटे दिसले. रात्रीं त्यांनीं तो खरवडून पुन्हा केला. अधिक चांगला केला, ह्यांत शंका नाहीं. त्या मुलीनें त्यानंतर कुंचा हातीं धरला नाहीं, आणि माजघराच्या उरलेल्या तीन भिंती दोन दिवाळ्या तशाच राहिल्या. वडील फार सज्जन गृहस्थ आहेत; म्हणूनच वाईट वाटतें.

ह्याचा अर्थ सर्वत्र ढिलाई चालेल असा कोणी करूं नये. मोरीचा उतार, गच्चीचा ढाळ, शिडीचा पाय येथें सुताइतकी चूकही नडते. आणि विजेच्या तारांना तर जाणकारावांचून हात लावूं नये. उलट फळीचें पाहा. ती पाणसळीनें अगदीं बरोबर बसविली, तरी शेजारची तुळई कलती असल्यास फळीच वांकडी दिसते. तेथें डब्यांची घसरगुंडी होत नसेल, तर डोळ्याला बरें दिसेल तसें करावें व पाणसळ पेटींत ठेवून द्यावी.

नवरात्र संपतां संपतां बहुधा पाऊस ओसरलेला असतो आणि भिंती वाळूं लागतात. दिवाळीला अवकाशही असतो. पाहुण्यांच्या दृष्टीस न पडणारी, कोठीच्या खोलीची मागची भिंत प्रथम घ्यावी. वरची बाजू थोरांनीं करावी, आणि खालची, हात पोंचेल तेथवर, घरांतल्या मोठ्या मुलांनीं. फराटे राहिले तर राहूं द्यावे. पुढच्या वर्षीं तिजवर पुन्हा चुना द्यावयाचाच आहे.