टोचन केलेल्या गाडीचा ब्रेक कोण दाबणार?

जबलपूर म्हटलं की गाड्यांच्या शौकिनांना जोंगा आठवते. नावातच गाव आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली. सैन्यातून निकालात निघालेल्या जोंगा लिलावात विकल्या गेल्या. अशी जुनी गाडी नागपूरला न्यायची असली की पहिला विचार येतो तो असा: लोखंडी तिकोनी फ्रेम वेल्ड करायची, बोलेरोच्या मागे अडकवायची आणि निघायचं.

ओढायला काहीच अडचण नाही. अडचण थांबताना येते. समजा दोन्ही गाड्या १५०० किलोच्या आहेत. एकट्या बोलेरोला ताशी ६० किलोमीटर वेगावरून चांगला ब्रेक मारून थांबायला साधारण २३ मीटर लागत असतील, तर मागे ब्रेक नसलेली जोंगा असताना तेवढ्याच जोराच्या ब्रेकने ४६ मीटर लागतील. सिवनीच्या पुढे कुरईच्या घाटात, उतारावर, त्याहूनही जास्त. वळणावर मागची गाडी पुढच्या गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलते, ते वेगळंच.

यावरचा उपाय म्हणजे ओव्हररन ब्रेक. पुढची गाडी मंदावली की मागची तिच्यावर रेटते. त्या रेट्याने फ्रेमच्या तोंडाशी असलेला सरकता दांडा मागे जातो आणि केबलने जोंगाचं ब्रेक पेडल ओढतो. दांड्याला डॅम्पर हवाच, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात ब्रेक लागेल. रिव्हर्स घेतानाही दांडा दाबला जातो, म्हणून तिथे लॉक लागतो.

खरी मेख पुढे आहे. ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे, तिचं इंजिन बंद असलं की दोन-तीन दाबांत व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. केबलचा ताण मग पुरत नाही. ब्रिटनमध्ये फ्रेमला जोडलेली अशी गाडी ट्रेलर समजली जाते आणि ७५० किलोच्या वर चालू ब्रेक सक्तीचे आहेत.

आपल्याकडे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसावा लागतो. बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याची मुभा वेगळी. तिच्या आधाराने जबलपूर-नागपूर प्रवास होत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लांबच्या प्रवासाला गाडी सपाट ट्रकवर चढवा. फ्रेमच बनवायची असेल, तर वेल्डरकडे जाण्याआधी आरटीओत रेखाचित्र घेऊन जा.

आणि परवानगी मिळालीच, तर पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, स्पर्श न करता. एकच ड्रम तापलेला असेल तर केबल किंवा ब्रेक अडकतोय. फ्रेम निसटली तर ब्रेक ओढणारी सुरक्षा-तारही तेव्हाच तपासा; ती हुकाला नव्हे, बोलेरोच्या चासिसला बांधलेली हवी.